मोबाइलवरील खेळ आणि मनाचा तोल

(ज्ञातिसंस्थेच्या मांजरसुंबा येथील वार्षिक मेळाव्यात, विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाच्या प्रसंगी एखाद्या वडीलधाऱ्याने उठावे आणि अभ्यास, शिस्त व परिश्रम या विषयांवर चार शब्द बोलावेत, असा आपल्या संस्थेचा प्रघात आहे. मीही मागे दोन वेळा तसेच बोललो असून ती भाषणे स्मरणिकेत छापून आली आहेत. ती कोणी वाचली असतील असा माझा आग्रह नाही. यंदा चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी "मोबाइलवरील खेळ" असे सांगितले आणि ते क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिले. मॅट्रिकपर्यंत शिकलेला, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला, साठी उलटलेला मी एक शिक्षक. माझा या विषयाशी काय संबंध, असे त्यांना वाटले असल्यास नवल नाही. तो संबंध कसा आला, ते प्रथम सांगतो. त्यात माझी स्वतःची चूक आहे आणि ती सांगितल्यावाचून पुढचे बोलण्याचा अधिकार मला पोहोचत नाही.

माझा मुलगा आणि सून चाकणच्या बाजूस कारखान्यात नोकरीला आहेत. नातू आमच्या दोघांपाशी राहतो. वय वर्षे पंधरा. रोज रात्री साडेआठ वाजता त्याच्या आईचा फोन येतो आणि तो त्याच्या मोबाइलवर येतो. त्याच मोबाइलवर तो आणि त्याचे तीन मित्र मिळून लढाईचा एक खेळ खेळतात. आपल्यापैकी अनेकांच्या घरांत हेच चित्र आहे, म्हणून त्याचे अधिक वर्णन करीत नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतरची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. नातू ओसरीवर बसून खेळत होता आणि मोठमोठ्याने ओरडत होता. आपल्या घाटाच्या भागात रेंज कशी असते, ते आपण जाणताच. ऐन वेळी ती गेली आणि त्याचा गट हरला. त्याने मित्राला शिवी दिली. तेवढ्यात आजी जेवायला बोलावण्यास आली, तर जे शब्द माझ्या घरात मी कधी कोणाला उच्चारू दिले नाहीत, ते तो तिला बोलला. मी उठलो, मोबाइल त्याच्या हातातून ओढून घेतला आणि अंगणातल्या फरशीवर आपटला. राग त्याला आला होता की मला, हे त्या घटकेस पाहणाऱ्याला सांगता आले नसते.

त्या रात्री साडेआठला त्याच्या आईचा फोन लागला नाही. माझाही मोबाइल आत उशाखाली निःशब्द पडला होता. दहा वाजता तिने शेजाऱ्यांकडे फोन केला, तेव्हा ती रडत होती. घाटात काही अपघात झाला की काय, अशी शंका तिच्या मनात आली होती. नातू माझ्याशी चार दिवस बोलला नाही. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आबा, मी आजीला बोललो ते चुकलंच. पण तुम्ही मोबाइल का फोडला, ते तुम्हाला तरी सांगता येतं का?"

बंधुभगिनींनो, छत्तीस वर्षे मी मुलांना प्रश्न विचारले. या मुलाच्या एका प्रश्नाला मजजवळ उत्तर नव्हते.

बीडहून मोबाइल दुरुस्त करून आणला. परंतु हा खेळ माणसाला असा का पेटवितो, हे समजून घेतल्याशिवाय नातवाला उपदेश करावयाचा नाही, असे मी ठरविले. लढाईचा खेळ माझ्या बोटांना जमण्यासारखा नव्हता. म्हणून ज्याचा थोडाबहुत सराव होता त्या बुद्धिबळाचा खेळ मी आपल्या मोबाइलवर घेतला. समोरचा खेळाडू कोण, कोठला, काही कळत नाही. त्याचे नाव आणि गुणांक तेवढा दिसतो. पहिल्या आठवड्यात एके रात्री मी ओळीने अकरा डाव हरलो. दोन वाजले होते. प्रत्येक डाव संपताच पडद्यावर पुन्हा खेळण्याचे बटण येई आणि प्रत्येक वेळी मनात येई की एवढा एक जिंकला म्हणजे निजू. अकराव्या डावानंतर मी त्या अनोळखी माणसाला मनातल्या मनात काय काय म्हटले, ते या व्यासपीठावरून सांगता येणार नाही. नातवाचा मला राग येई. त्या रात्री मला तो समजला.

या रागाची कारणे मी माझ्या अल्पमतीप्रमाणे शोधली आहेत. पहिले कारण हिशेबाचे आहे. कुस्तीत दोघांपैकी एक हरतो. परंतु मुलांच्या या लढाईच्या खेळांत पुष्कळदा शंभर खेळाडू एका बेटावर उतरतात आणि शेवटी चौघांचा एकच गट विजयी होतो. म्हणजे प्रत्येक सामन्यात शंभरांपैकी शहाण्णव जण हरतात! बुद्धिबळातील गुणांकनाची पद्धत हंगेरीत जन्मलेले अमेरिकन प्राध्यापक आर्पाड एलो यांनी बसविली आणि जागतिक संघटनेने ती १९७० मध्ये स्वीकारली. त्या गणिताप्रमाणे दोनशे गुणांनी सरस असलेल्या खेळाडूलाही शंभर डावांत सुमारे शहात्तर गुणांचीच अपेक्षा धरता येते. उरलेले चोवीस दुबळ्याच्या वाट्याला जातात. शिवाय मोबाइल आपल्यापुढे शक्यतो आपल्या तोडीचाच प्रतिस्पर्धी आणून बसवितो. आपण वर चढलो की तोही अधिक तगडा येतो. तेव्हा वरचेवर हरणे हा या खेळाचा धर्मच आहे. मूल मात्र प्रत्येक पराभव हा आपल्यावरचा अन्याय समजते.

दुसरे कारण शरीराचे आहे. समोरची लढाई चित्रातली आहे, हे बुद्धीला ठाऊक असते. हृदयाला ते ठाऊक नसते. छाती धडधडते, तळहात ओले होतात, दृष्टी एका बिंदूवर खिळते आणि विचार आखूड होतो. मग माणूस धावत सुटतो, नको तेथे तोंड काढतो आणि पुन्हा हरतो. खेळणाऱ्या जगात या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात. जुन्या काळी नाणे टाकून गोळी उडविण्याचे एक यंत्र असे. ते कोणी रागाने फार हलविले, तर त्यावर हा शब्द उमटे आणि खेळ बंद पडे. पुढे पत्ते खेळणाऱ्यांनी तो शब्द उचलला आणि आता तो आपल्या मुलांच्या तोंडी आहे. त्या यंत्रात खेळ थांबविण्याची सोय होती, तेवढी मोबाइलमध्ये नाही.

तिसरे कारण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या जुन्या खेळांत हरल्यानंतरची एक रीत असे. फडावर कुस्ती संपली की जिंकलेला मल्ल हरलेल्याला मिठी मारतो. हुतूतू संपला की दोन्हीकडची पोरे एकाच रांजणावर पाणी पीत. मग घरी चालत जावे लागे आणि त्या वाटेवर निम्मा राग उतरत असे. मोबाइलच्या खेळात प्रतिस्पर्ध्याला चेहरा नाही, मिठी नाही, पाणी नाही आणि वाटही नाही. पराभव आणि पुढचा डाव यांमध्ये एका बोटाचेच अंतर आहे. राग जिरायला जागाच नाही. मग तो जवळ असेल त्याच्यावर निघतो, आणि जवळ बहुधा आजी असते.

जुने सगळेच सोन्याचे होते, असे माझे म्हणणे नाही. आपल्या शेजारी अहिल्यानगर येथे फेब्रुवारी २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत निकाल चुकीचा वाटल्यावरून एका मल्लाच्या हातून पंचांना लाथ मारण्यापर्यंत मजल गेली आणि दोन मल्लांवर तीन वर्षांची बंदी आली. रीत असूनही राग सुटतो. मग जेथे रीतच नाही तेथे काय होईल, याचा आपण विचार करावा.

आता एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातले सांगतो. २०२० साली कोरोनामुळे बुद्धिबळाची ऑलिंपियाड स्पर्धा प्रथमच ऑनलाइन झाली. खेळाडू आपापल्या ठिकाणी संगणकापुढे बसून खेळत होते. भारताच्या संघाचे नेतृत्व नाशिकच्या विदित गुजराथी यांच्याकडे होते आणि मुलींच्या गटातून नागपूरची दिव्या देशमुख खेळत होती. तेव्हा ती अवघी चौदा वर्षांची होती. ३० ऑगस्ट रोजी रशियाशी अंतिम सामना झाला. पहिल्या फेरीत बरोबरी झाली. दुसऱ्या फेरीत इंटरनेटची सेवा जगात अनेक ठिकाणी कोलमडली. केरळचा निहाल सरीन आणि आपली दिव्या यांचा संपर्क तुटला आणि घड्याळातील वेळ संपून दोघांचेही डाव गेले. घाटात रेंज जाते ती गोष्ट निराळी. येथे साऱ्या देशाचे सुवर्णपदक पणाला लागले होते! भारताने रीतसर दाद मागितली आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनी दोन्ही देशांना संयुक्त विजेते घोषित केले.

परंतु या गोष्टीची दुसरी बाजू लपविणे शिक्षकाला शोभणार नाही. त्याच स्पर्धेत दोनच दिवस अगोदर आर्मेनियाच्या एका खेळाडूचा संपर्क आपल्याविरुद्ध खेळताना तुटला होता. त्यांनीही दाद मागितली. ती फेटाळली गेली आणि त्यांचा संघ निषेध म्हणून पुढची फेरी न खेळता बाहेर पडला. म्हणजे दैवाचा तोच फटका एकदा आपल्या लाभाचा ठरला आणि एकदा आपल्या हानीचा. आपल्याला लाभ झाला त्या दिवशी आपण रागावलो नव्हतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ राग निवळतो.

त्याच वर्षी नॉर्वेचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन चीनच्या डिंग लिरेनशी ऑनलाइन खेळत होता. डिंगचा संपर्क तुटून त्याचा डाव गेला. कार्लसनला तो विजय रुचला नाही. पुढच्या डावात त्याने आरंभीच आपला वजीर मुद्दाम देऊन टाकला आणि डाव सोडला. समोर चेहरा नसतानाही त्याने प्रतिस्पर्ध्याला माणूस मानले. फडावरच्या मिठीचेच हे रूप नव्हे काय?

दिव्याची पुढील वाटचाल आपण जाणताच. जुलै २०२५ मध्ये जॉर्जियातील बाटुमी येथे महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात तिची गाठ कोनेरू हंपी यांच्याशी पडली. पहिले दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि मग जलद डावांत दिव्या जिंकली. वय १९. त्या विजयाबरोबर ती ग्रँडमास्टर झाली आणि आईला मिठी मारून रडली. मनाचा तोल राखणे म्हणजे भावना मारून टाकणे नव्हे. डाव चालू असताना भावनेला थोडे बाजूला बसवावे आणि तो संपल्यावर तिला योग्य जागी वाट करून द्यावी, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या घरी हरल्यानंतरची ही रीत आम्ही पुन्हा बसविली, ती कशी ते सांगतो. नातू आणि मी, दोघांनाही तिचे नियम सारखेच आहेत.

लागोपाठ दोन डाव हरले की मोबाइल खाली ठेवावयाचा आणि उठून माठापर्यंत जाऊन पाणी प्यावयाचे. परत येऊन बसेपर्यंत खेळावयाचे नाही. उपाशीपोटी, झोपेच्या वेळी आणि कोणाशी भांडण झाले असता खेळास बसावयाचे नाही, कारण असा माणूस अगोदरच निम्मा हरलेला असतो. डाव संपल्यावर समोरच्याला "चांगले खेळलात" एवढे शब्द लिहावयाचे. साथीदाराची चूक झाली असेल तर ती त्याच वेळी न सांगता दुसऱ्या दिवशी सांगावयाची.

शेवटचा नियम वहीचा आहे. मी शिक्षक पडलो, त्यामुळे वही आलीच. तिच्यात तीन रकाने आखले: 'माझी चूक', 'साथीदाराची चूक' आणि 'रेंज व नशीब'. प्रत्येक पराभवाची एका ओळीत नोंद करावयाची. पहिल्या आठवड्यात नातवाचा पहिला रकाना कोरा होता आणि दुसरे दोन भरून वाहत होते. मी काही बोललो नाही. तिसऱ्या आठवड्यात पहिल्या रकान्यात एक ओळ आली: 'घाई केली.' त्या ओळीचा मला जो आनंद झाला, तो त्याच्या परीक्षेतील गुणांनीही कधी झाला नव्हता. रेंज आपल्या हाती नाही, साथीदार अर्धाच आपल्या हाती आहे, आणि स्वतःची चूक मात्र पूर्णपणे आपल्या हाती आहे. म्हणून जो रकाना लिहिताना लाज वाटते, तोच सुधारता येतो.

आता वडीलधाऱ्यांस दोन शब्द. मुलांचा सामना साधारण अर्धा तास चालतो आणि त्यात त्याचे तीन सोबती असतात. मध्येच मोबाइल हिसकावणे म्हणजे कुस्ती चालू असताना मल्लाला लंगोटाने ओढून काढण्यासारखे आहे. "हा डाव संपला की जेवायला ये," असे अगोदर सांगावे आणि मग मात्र शब्द पाळून घ्यावा. आपणच रागाच्या भरात वस्तू फोडल्या, तर राग आला म्हणजे वस्तू फोडावयाच्या असतात, एवढाच धडा मूल शिकते. तो धडा मी शिकविला आहे, म्हणून हे सांगतो.

पैशाच्या खेळाविषयी मात्र मी कठोर आहे. महाभारतातील द्यूत आपण सर्वांनी ऐकले आहे. परंतु धर्मराज दोन वेळा खेळले, हे आपण विसरतो. पहिल्या द्यूतात सर्वस्व गेले, धृतराष्ट्राने ते परत दिले, आणि तरीही पुन्हा बोलावणे येताच ते परत फिरले. वनवास घडला तो त्या दुसऱ्या डावामुळे. गेलेले भरून काढण्याची ही ओढ आजही तीच आहे. म्हणूनच संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स म्हणजे कौशल्याच्या स्पर्धा यांना मात्र वेगळी मान्यता दिली. हा भेद घरातही शिकवावा.

काही मुलांची गोष्ट रीतीने सुटणारी नसते. खेळावर ताबा राहत नाही, खेळापुढे जेवण, झोप, शाळा सारे मागे पडते आणि नुकसान दिसत असूनही खेळ थांबत नाही, अशी स्थिती साधारण वर्षभर टिकली तर तो विकार होय, असे जागतिक आरोग्य संघटनेने मानले आहे; तिच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगवर्गीकरणात त्याचा समावेश आहे. अशा मुलाला मारू नये, लपवूही नये. वर्ष पुरे होण्याची वाट न पाहता डॉक्टरांस दाखवावे. सरकारची 'टेली-मानस' ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे. हा क्रमांक भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवण्यात कमीपणा मुळीच नाही.

आमच्या घरातला राग संपला, असे मी म्हणत नाही. गेल्याच महिन्यात नातवाने उशी भिंतीवर फेकली. पण ती उशी होती आणि नंतर त्याने ती स्वतः उचलून ठेवली. आजीची क्षमा त्याने त्या वेळीच मागितली होती. त्याची माझ्याकडून मागावयाची राहिली होती, ती मी आज आपणा सर्वांदेखत मागतो. तो समोर तिसऱ्या रांगेत बसला आहे.

परवा मी एक डाव हरलो आणि वहीत 'रेंज व नशीब' या रकान्यात लिहिले, 'चष्मा पुसलेला नव्हता.' नातवाने ती ओळ खोडली आणि म्हणाला, "आबा, हे पहिल्या रकान्यात लिहा." मी लिहिले. इतक्यात साडेआठ झाले आणि त्याच्या आईचा फोन आला.